जुना टॅप-डाय सेट भंगारात घालण्याआधी

आटे पाडायच्या जुन्या टॅप-डाय सेटबद्दल (टॅप भोकाच्या आत आटे पाडतो, डाय सळईवर) "नुसतं इंचात आहे म्हणजे आता निरुपयोगी" असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. जुनी यंत्रं, पाण्याचे पंप यांत व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंच मापाचे आटे अजूनही सापडतात. फक्त व्हिटवर्थ आणि अमेरिकन यूएनसी (तिकडचं इंचातलं आट्यांचं माप) एकच समजू नका. पाव इंच जाडीच्या बोल्टला दोन्हींचे दर इंचाला २०, तीन अष्टमांश इंचाच्या बोल्टला १६ आटे, त्यामुळे नट चढतोही. पण व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश आणि यूएनसीचा ६०. अर्ध्या इंचाच्या बोल्टला मात्र व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३, तिथे दोन फेऱ्यांतच अडकतं. जबरदस्ती केली की आटे गेलेच.

आणखी एक गोष्ट म्हणजे पोलाद कोणतं आहे हे बघणं. वडिलांच्या लाकडी पेटीतल्या टॅपवर एचएसएस (हाय स्पीड स्टील, तापलं तरी कठीण राहणारं पोलाद) असा शिक्का नव्हता. एका तुटक्या टॅपचं टोक ग्राइंडरला हलकंच लावलं, तर पिवळसर पांढऱ्या, फुटत जाणाऱ्या ठिणग्यांचा झुपका उडाला. म्हणजे कार्बन स्टील. एचएसएसच्या ठिणग्या थोड्या आणि काळपट लालसर असतात. कार्बन स्टीलचा टॅप तापला की त्याचं पाणी उतरतं, म्हणजे कठीणपणा जातो, म्हणून तो ड्रिल मशीनवर लावू नये. हातानेच चालवा, भरपूर तेल घाला, अर्धा फेरा पुढे गेलात की पाव फेरा मागे घ्या म्हणजे कीस तुटतो. आमचा तीन अष्टमांशचा टॅप असाच वापरतो, धार अजून शाबूत आहे.