प्रॉक्सीआडून येणाऱ्याचा माग काढावा का?

सर्व्हरवाली: मी एक संकेतस्थळ सांभाळते. गेल्या महिन्यात कुणीतरी रात्रभर लॉगिनच्या पानावर पासवर्ड लावून बघत होतं. एक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) ब्लॉक केला की लगेच दुसऱ्या प्रॉक्सीवरून, म्हणजे मधल्या सर्व्हरच्या आडून, हजर! आडून येणारा मुळात कोण आहे हे शोधायचा साइटला हक्क आहे, असं माझं ठाम मत आहे. एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडरमध्ये (विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीत) प्रॉक्सी मूळ आयपी लिहून पाठवते. तो वाचावा आणि त्यालाच बंदी घालावी.

धूळपाटी: कृपा करून हे करू नका. तो हेडर म्हणजे येणाऱ्याने स्वतःच सांगितलेलं नाव. कर्ल या विनंत्या पाठवायच्या साधनाच्या एका ओळीत मी त्यात हवा तो आयपी घालीन, अगदी तुमचासुद्धा. सर्व्हरला खात्रीने कळतो तो फक्त समोरून थेट (टीसीपी) जोडणी करणाऱ्याचा पत्ता. हेडरमध्ये पत्ते एकापुढे एक जोडले जातात; लोक सगळ्यात डावीकडचा खरा समजतात आणि तिथेच फसतात. वाचायचं उजवीकडून, आणि आपल्या स्वतःच्या लोड बॅलन्सरने (विनंत्या सर्व्हरांत वाटून देणाऱ्या यंत्रणेने) जोडलेल्या पत्त्यावरच विश्वास ठेवायचा. २०१४ मध्ये आरएफसी ७२३९ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने 'फॉरवर्डेड' हा प्रमाणित हेडर आणला, पण खोटं लिहिणाऱ्याला तोही अडवत नाही. त्यातून साइट एचटीटीपीएसवर (कूटबद्ध जोडणीवर) असली, तर साधी प्रॉक्सी नुसता बोगदा उघडून देते. आतल्या मजकुरात तिला काही लिहिताच येत नाही.

सर्व्हरवाली: हेडरचं पटलं, उद्याच बदलते. पण ओळख लपवणाऱ्या टॉर जाळ्याच्या एक्झिट नोडची (जिथून वाहतूक बाहेर पडते त्या सर्व्हरांची) यादी तर टॉर प्रोजेक्ट स्वतःच जाहीर करतो. तेवढे तरी अडवू ना?

पाऊलवाट: त्यात कोण कोण अडकेल याचा विचार केलात? घरात मार खाणारी आणि नवऱ्याच्या नकळत मदत शोधणारी बाईही तिथूनच येते. (हे मी ऐकीव सांगत नाही, अशा बायकांसोबत काम केलंय.) आयपीवर बंदी हे मुळातच बोथट हत्यार आहे. मोबाइल कंपन्या सीजीनॅट या तंत्रामुळे कितीतरी ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात. एकावर राग काढाल आणि बाकीचे सगळे बाहेर राहतील.

धूळपाटी: आणि आयपी जमत नाही म्हणून फिंगरप्रिंटिंगकडे (ब्राउझरच्या खुणांवरून ओळखण्याकडे) वळू नका. ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या २०१० च्या प्रयोगात तपासलेल्या ब्राउझरांपैकी सुमारे ८४ टक्के एकमेवाद्वितीय निघाले होते. फॉन्ट, प्लगइन, पडद्याचा आकार एवढ्यावरून माणूस वेगळा काढता येतो, आणि त्याला याची खबरही नसते. चोर पकडायला सगळ्या गावाचे ठसे घ्यायचे?

सर्व्हरवाली: ठसे मी घेणार नाही. पण ज्याचं खातं फुटतं तोही माणूसच आहे ना? त्याला उत्तर मला द्यावं लागतं. प्रत्येक खात्यावर चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा घालते. टॉरवरून आलेल्याला आत घेईन, पण ओटीपी मागून. याहून मागे हटणार नाही.

पाऊलवाट: हे चालेल. लॉगमधले (सर्व्हरच्या नोंदींमधले) आयपी किती दिवस ठेवता?

सर्व्हरवाली: सध्या ९० दिवस. ३० वर आणते. त्याखाली मात्र नाही, हल्ला कधीकधी उशिराच लक्षात येतो.

पाऊलवाट: ३० सुद्धा जास्तच वाटतात मला.