‘ऑर्गॅनिक’ या विशेषणावर हक्क कोणाचा?

विश्रामबागकर:
सांगलीच्या गणपती पेठेतील एका दुकानात ‘ऑर्गॅनिक’ हळद, ‘ऑर्गॅनिक’ गूळ आणि चक्क ‘ऑर्गॅनिक’ सैंधव मीठ एकाच फळीवर मांडलेले पाहिले आणि राहवले नाही, म्हणून लिहीत आहे. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली. त्या शास्त्रात ऑर्गॅनिक म्हणजे कार्बनची संयुगे, आणि त्या अर्थाने युरिया ऑर्गॅनिक ठरतो, मीठ कधीच ठरत नाही. शेतमालाला हे विशेषण चिकटवणे म्हणजे इंग्रजी शब्दाच्या जोरावर दुप्पट भाव उकळणे आहे.

कडेगावकर:
सर, मिठाचे आपले म्हणणे मान्य करावेच लागेल, पण युरियाचा दाखला आपल्यावरच उलटतो. ग्रीक ‘ऑर्गेनॉन’ म्हणजे साधन, अवजार. त्यावरून शरीराचा अवयव तो ‘ऑर्गन’, आणि अवयवांची घडण असलेले ते ऑर्गॅनिक. काही पदार्थ सजीवांच्या देहातच तयार होतात, अशी समजूत असताना रसायनशास्त्राने हे विशेषण उचलले. १८२८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलर यांनी अमोनियम सायनेटपासून युरिया तयार केला आणि त्या समजुतीला तडा गेला, तरी शास्त्राने शब्द न सोडता अर्थ बदलून घेतला. ब्रिटिश शेतीलेखक लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी १९४० मध्ये ‘ऑर्गॅनिक’ शेतीविषयी लिहिले, ते संपूर्ण शेत हा एक सजीव देह मानून, म्हणजे जुन्या अर्थाला धरूनच. आपला ‘सेंद्रिय’ही इंद्रियावरूनच आलेला आहे.

राहिला भाव. रासायनिक खत बंद केले त्याच हंगामात आमच्या हळदीचा उतारा खाली आला. बांधापलीकडच्या उसावर तणनाशक मारले की वाऱ्याने ते आमच्या पानांवर येते, म्हणून कडेच्या सऱ्यांची हळद वेगळी काढून साध्या भावाने विकावी लागते. प्रमाणपत्रासाठी हंगामी पिकाला रूपांतराची, म्हणजे रसायने सोडल्यानंतरची, किमान दोन वर्षे काढावी लागतात. यालाच कोणी उकळणे म्हणत असेल, तर मला मनापासून संताप येतो.

कराडची लेक:
हळदीचे ठीक आहे, पण गुळाबद्दल दोघेही गप्प का? माझ्या माहेरी गुऱ्हाळ होते. काहिलीत रस तापला की वडील भेंडीच्या ठेचलेल्या खोडाचा चीक सोडत आणि वर आलेली मळी झाऱ्याने काढत. तो गूळ तांबूस, काळपट होई, आणि सौद्यात पिवळ्याधमक ढेपेपुढे त्याला कोणी विचारत नसे. अखेर त्यांनीही गुळाचा रंग उजळणारी हायड्रॉसची पूड आणली. ऊस शेणखतावर वाढला असेलही, पण काहिलीत पूड पडल्यावर उसाचे विशेषण गुळाला कसे लावता? निम्मा ‘ऑर्गॅनिक’ गूळ असाच असणार, अशी माझी खात्री आहे.

कडेगावकर:
ताई, निम्मा कशावरून? आपल्या वडिलांवर आलेली वेळ खरी असेल, पण तिच्यावरून सगळ्या गुऱ्हाळांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नका. आम्ही आजही भेंडीच वापरतो.

कराडची लेक:
मग पिवळी ढेप मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही काय सांगता, तेही लिहा. माझे वडील कर्जात होते, त्यांना तत्त्वाने वागणे परवडले नाही.

विश्रामबागकर:
ताईंचा मुद्दा मला रास्त वाटतो. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. ते रंग उडवते, आणि ते कोणत्याच अर्थाने ऑर्गॅनिक नाही. शब्दाचा इतिहास कडेगावकरांनी बरोबर मांडला, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो. तरीही खरेदी करणाऱ्याने पाकिटावरच्या इतिहासावर विश्वास ठेवायचा की काय?

कडेगावकर:
इतिहासावर नव्हे, नियमावर ठेवावा. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनुसार असे विशेषण छापायचे तर प्रमाणीकरण लागते, आणि त्यासाठी ‘जैविक भारत’ हे चिन्ह आणले गेले. सवलत आहे ती ग्राहकाला थेट विकणाऱ्या लहान मूळ उत्पादकाला.

कराडची लेक:
त्याच सवलतीच्या आडून ढेपा विकल्या जातात. गूळ थेट विकणाऱ्याने काहिलीत काय घातले, ते निदान कागदावर लिहून द्यावे.

कडेगावकर:
लिहून देईन. पिवळी ढेप मागणाऱ्याला मी दुसरे दुकान दाखवतो, आणि त्यामुळे गेल्या हंगामातल्या काही ढेपा अजून घरात पडून आहेत.