गावांची नावे घेणारा गायक: स्टॉम्पिन टॉम कॉनर्स

फोंडेकर:
आमच्या भजनी मंडळातील एका मुलाने म्हादई नदी, वाळपईचा बाजार आणि खनिज वाहणारे ट्रक यांवर गाणी रचली आहेत. ती गोव्याबाहेर कोणाला कळणार नाहीत, तेव्हा गावांची नावे काढून टाकावीत, असे वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. कॅनडाच्या स्टॉम्पिन टॉम कॉनर्सने जन्मभर अशीच गाणी लिहिली, असे ऐकले. त्याच्याविषयी कोणी सविस्तर सांगेल का?

सत्तरीकर:
कॉनर्सचा जन्म १९३६ सालचा, न्यू ब्रन्सविक प्रांतातील सेंट जॉनचा. बालपण हलाखीत गेले. प्रिन्स एडवर्ड बेटावरील स्किनर्स पाँडच्या एका कुटुंबाने त्याला दत्तक घेतले, पण कोवळ्या वयातच तो तेथूनही बाहेर पडला आणि गिटार घेऊन, वाटेतल्या गाड्यांना हात दाखवत, मिळेल ते काम करत त्याने देश पालथा घातला. १९६४ साली ऑन्टारिओतील टिमिन्स या खाणींच्या गावी एका हॉटेलात त्याला बिअरसाठी पाच सेंट कमी पडले. गाणे म्हणण्याच्या बोलीवर ती मिळाली आणि तो मुक्काम वर्षाहून अधिक लांबला. सडबरीच्या खाणकामगारांची शनिवारची रात्र आणि बेटावरचे बटाटे ट्रकने वाहून नेणारा बड त्याच्या गाण्यांतून देशभर पोहोचले. तुमच्या मुलाचा खनिजाचा ट्रक याच बडच्या जातकुळीतला आहे. त्याच्या गावाचे नाव काढून टाकले तर तो कोणाचाच ट्रक उरणार नाही.

डिचोलीची वाचक:
कॉनर्सच्या ठेक्याविषयीही सांगायला हवे. डाव्या पायाच्या बुटाची टाच तो इतक्या जोराने आपटत असे की खालची जमीन खराब होऊ नये म्हणून प्लायवुडची फळी ठेवावी लागे, आणि गाणे संपल्यावर ती उचलून तो तिच्यातला भुसा झाडत असे. चवथीच्या आरतीत घुमट या वाद्यावर थाप पडली की शब्द न येणारा पाहुणाही टाळ्या वाजवू लागतो, तसेच हे आहे.

सत्तरीकर:
एक गोष्ट राहिली. अमेरिकेत राहून काम करणाऱ्यांना कॅनडाचे संगीतासाठीचे जूनो पुरस्कार दिले जातात, याच्या निषेधार्थ १९७८ साली त्याने स्वतःचे सहा जूनो परत केले आणि पुढे सुमारे दहा वर्षे तो रंगमंचापासून दूर राहिला. ऐन भरात असलेल्या गायकाने एवढी किंमत मोजावी, याचे मला आजही अप्रूप वाटते. २०१३ साली तो वारला. त्याचे बर्फावरच्या हॉकीचे गाणे तेथील मैदानांवर आजही वाजते.

फोंडेकर:
मनापासून आभार. हे सारे मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवीन. म्हादईचे नाव गाण्यात राहावे, असा माझा आग्रह राहील.