तिसरी-चौथीच्या मुलांना चित्रकलेत नेमके काय शिकवावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. मी जालना जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली-दुसरीचे वर्ग माझ्या सहकारी शिक्षकांकडे असून तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे आहे. दोन्ही वर्गांची मिळून २३ मुले आहेत. आमच्या शाळेला स्वतंत्र कलाशिक्षक नाही, त्यामुळे भाषा, गणित आणि परिसर अभ्यासाबरोबर चित्रकलेचा तासही माझ्याकडेच असतो. डी.एड.ला असताना कला विषयाची जी फाईल पूर्ण केली, तेवढेच माझे या विषयातले शिक्षण. आजवर हा तास मी ‘आज आंबा काढा, आज झेंडा काढा’ असे सांगून निभावून नेला. यंदा मात्र दोन प्रसंग असे घडले की त्यानंतर मला तो तसा घेता येईना.

पहिला प्रसंग जूनमधला. मी मुलांना ‘आपले गाव’ हा विषय दिला आणि मुद्दाम फळ्यावर काहीही काढले नाही. तासाच्या शेवटी कागद गोळा केले, तर २३ पैकी १९ कागदांवर एकच चित्र होते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा अर्धा सूर्य, डोंगरातून खाली आलेली नदी, काठावर एक झोपडी, झोपडीशेजारी नारळाचे झाड आणि आकाशात मराठी चार आकड्यासारखे पक्षी. आमच्या गावाजवळ डोंगर नाही. नदी नाही, एक ओढा आहे आणि तो पावसाळ्यातच वाहतो. नारळाचे झाड तर या मुलांपैकी बहुतेकांनी प्रत्यक्ष पाहिलेलेच नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर रोज असतात त्या बाभळी, कडुलिंब, कपाशीची शेते, पाण्याची टाकी आणि पत्र्याची घरे. त्यातले काहीही त्या १९ कागदांवर नव्हते.

दुसऱ्या प्रसंगात चूक माझीच आहे आणि तो मला जास्त लागला आहे. चौथीतला एक मुलगा बैलगाडीचे चित्र काढत होता. बैलाचे चारही पाय त्याने पोटाखाली एका रांगेत, सारख्या अंतरावर, खांबांसारखे काढले होते आणि बैल बाजूने दिसत असूनही दोन्ही डोळे काढले होते. मी चांगल्या हेतूने त्याच्या हातातली पेन्सिल घेतली, दोन पाय खोडले, पुढचा पाय उचललेला दाखवला आणि एक डोळा पुसून टाकला. मुलगा काही बोलला नाही. त्याने वही मिटली आणि पुढच्या आठवड्यात चित्रकलेच्या तासाला कोरा कागद माझ्यापुढे धरून म्हणाला, “मॅडम, तुम्हीच काढून द्या, मी रंग भरतो.” आता आणखी पाच-सहा मुले तेच म्हणू लागली आहेत. विशेष म्हणजे हाच मुलगा दर पोळ्याला मातीचे असे बैल करतो की मोठी माणसे थांबून पाहतात. वशिंडाचा उंचवटा, मानेखाली लोंबणारी कातडी, शिंगांचा बाक, सगळे त्याच्या बोटांना ठाऊक आहे. म्हणजे त्याला बैल येत नाही असे मुळीच नाही. मग कागदावर आल्यावर काय होते आणि तिथे मी काय करायला हवे होते, हे मला समजत नाही.

फळ्यावर काढून दाखवले तर सगळे तेच उतरवतात आणि काहीच दाखवले नाही तर डोंगर-सूर्याचे ठरलेले चित्र येते. या दोहोंच्या मधली वाट कोणती, हा माझा मुख्य प्रश्न आहे. ‘मुलांना मोकळे सोडा’ असा सल्ला प्रशिक्षणांत पुष्कळदा ऐकला, परंतु मोकळे सोडायचे आणि तरीही शिकवायचे, म्हणजे त्या तासात शिक्षकाने प्रत्यक्ष काय करायचे, हे मला कोणी सांगितलेले नाही.

साहित्याचीही अडचण आहे. बारा रंगांच्या तेलखडूच्या पेट्या वर्षाच्या सुरुवातीला आणल्या, त्यांतले हिरवा आणि निळा दिवाळीआधीच संपतात. कोरे कागदही मोजकेच मिळतात.

आणखी एक गोष्ट नोंदींची. कला विषयाला संकलित (सत्राच्या शेवटची) चाचणी नसते, सर्व गुण आकारिक, म्हणजे वर्गात वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनातूनच द्यायचे असतात आणि प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहावी लागते. आजवर मी तयार यादीतली ‘चित्रे सुबक काढतो’, ‘रंगसंगतीची जाण आहे’ अशी वाक्ये उतरवत आले. बैलाच्या चित्रानंतर त्या मुलापुढे यातले कोणते वाक्य लिहावे, या विचाराने पेन थांबले. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

ताई, माध्यमिक शाळेत तीस वर्षे कलाशिक्षक म्हणून काम करून मी निवृत्त झालो आहे. तुमचे बैलाचे उदाहरण वाचून मला लिहावेसे वाटले, कारण माझ्याकडे पाचवीत येणाऱ्या मुलांपैकी कितीतरी जण “मला चित्र येत नाही” असे पक्के ठरवूनच आलेले असत आणि तो निर्णय कुठे झाला असेल याचा अंदाज मला त्यांच्या वह्यांवरच्या मोठ्या माणसांच्या रेघांवरून येत असे.

त्या मुलाने काढलेला बैल चुकलेला नव्हता. कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले, त्यांत साधारण सात ते नऊ वर्षांचे मूल वस्तू जशी दिसते तशी नव्हे, तर जशी ठाऊक आहे तशी काढते. बैलाला चार पाय आणि दोन डोळे असतात हे त्याला ठाऊक आहे, म्हणून ते सगळे कागदावर आले पाहिजेत. याच वयात मुले खाली एक जमिनीची रेघ ओढून सगळे तिच्यावर उभे करतात, घराची भिंत असूनही आतली चूल दाखवतात आणि जे महत्त्वाचे वाटते ते मोठे काढतात. नवव्या-दहाव्या वर्षापासून त्यांना स्वतःलाच आपले चित्र ‘खऱ्यासारखे’ नाही असे टोचू लागते. तुमचा मुलगा नेमका त्या उंबरठ्यावर आहे आणि अशा वेळी शिक्षकाची रेघ त्याच्या कागदावर आली, तर त्याची शंका खरी ठरते. म्हणून एक नियम कायमचा पाळावा. मुलाच्या कागदाला आपली पेन्सिल लावू नये. काही दाखवायचेच असेल तर वेगळ्या रद्दी कागदावर दाखवावे आणि तो कागद लगेच बाजूला ठेवावा.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. माझ्या मते दाखवायचे जरूर, पण आकार दाखवायचा नाही, रीत दाखवायची. तेलखडूचे टोक दाबून ओढले तर काय होते, तो आडवा धरून घासला तर काय होते, पिवळ्यावर निळा घासला की हिरवा कसा मिळतो, कुंचला धुवायला एक वाटी आणि रंगात मिसळायच्या स्वच्छ पाण्याला दुसरी का लागते, हे फळ्यापाशी सगळ्यांना बोलावून आवर्जून दाखवावे. पिवळा आणि निळा मिसळायला शिकवलेत, तर हिरवा खडू इतक्या लवकर संपणार नाही.

विषयाबाबत सांगायचे तर ‘आपले गाव’ हा विषय मुलाला फार मोठा पडतो. इतक्या मोठ्या शब्दापुढे त्याला स्वतःचे काही आठवत नाही, म्हणून ते तयार चित्राचा आधार घेते. त्याऐवजी एखादा घडलेला प्रसंग घ्यावा. तुमच्या भागात उन्हाळ्यात टँकर येत असेल, तर ‘टँकर आला तेव्हा’ हा विषय द्यावा आणि कागद वाटण्याआधी पहिली दहा मिनिटे फक्त प्रश्न विचारावेत. तू कुठे उभा होतास? नळी कोणाच्या हातात होती? हंडे कोणत्या रंगांचे होते? भरलेली घागर डोक्यावर घेतल्यावर हात कुठे जातो, मान कशी राहते? दोघा-तिघांना पुढे बोलावून तसे उभे राहून दाखवायला सांगावे. शरीराला आठवले की हाताला आठवते. हे तिसरी-चौथीला एकत्र करता येते, त्यासाठी वेगळे पाठ करण्याची गरज नाही.

त्या मुलासाठी एक उपाय करून पाहावा. त्याचाच मातीचा बैल वर्गात आणून टेबलावर ठेवावा, त्याला एक डोळा मिटून बैलाच्या कडेवरून हवेत बोट फिरवायला सांगावे आणि मग कागदावर तीच कडा काढू द्यावी. पुढच्या तासाला बैल समोरून ठेवावा. त्यात काय बदलले ते त्यालाच बोलू द्यावे.

जाता जाता आणखी एक सांगतो. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांमध्ये वस्तुचित्र (समोरची वस्तू पाहून), स्मरणचित्र (आठवणीतून), संकल्पचित्र (नक्षीची रचना) असे विषय असतात. त्या परीक्षा वरच्या वर्गांतल्या मुलांसाठी आहेत. काही पालक त्यांची तयारी चौथीपासूनच करून घेण्याचा आग्रह धरतात, परंतु ठरलेली स्मरणचित्रे पाठ करून घेणे या वयात टाळावे असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद

ताई, मी पालघर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. वरच्या सरांनी उत्तम लिहिले आहे, मी फक्त साहित्य आणि स्थानिक कलेविषयी थोडी भर घालते.

आमच्याकडे वारली चित्रे आहेत म्हणून आमचे काम सोपे असेल असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात ‘दोन त्रिकोण जोडा, झाला माणूस’ असे शिकवले की आमच्या मुलांचीही तारपा नाचाची (तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य) एकसारखी २५ चित्रे तयार होतात, म्हणजे डोंगर-सूर्याच्या जागी फक्त तारपा येतो. मी एकदा मुलांच्या आज्यांना शाळेत बोलावले. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचे चौकोनी चित्र, कसा लिहितात, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ बांबूच्या काडीने कशी ओढतात, हे त्यांनी मुलांना दाखवले. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, हे मुलांना पुस्तकातून माहीत होते. पण पिठात पाणी किती घालायचे हे आजीकडूनच कळले. तुमच्याकडे गोधडी शिवणाऱ्या, रांगोळी काढणाऱ्या, पोळ्याला बैलांच्या शिंगांना रंग देणाऱ्या व्यक्ती असतील. त्यांना बोलवावे, मात्र त्यांचा नमुना उतरवून घेण्यासाठी नव्हे, तर त्यांचे हात कसे चालतात ते मुलांनी पाहावे म्हणून.

रंगांसाठी गेरू, चुलीतला कोळसा आणि हळद वापरता येते. हळदीत चुन्याची निवळी घातली की ती लाल होते, हे पाहताना मुले अक्षरशः श्वास रोखतात. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळून मिसळला की रंग कागदाला धरतो. मात्र हळद उन्हात उडते आणि पाल्याचा हिरवा रस काही दिवसांत तपकिरी होतो, हे मुलांना आधीच सांगावे, नाहीतर त्यांचा हिरमोड होतो. कागदासाठी लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू वापराव्यात, त्या जाड असल्याने ओला रंग झेलतात.

वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये नई तालीमच्या, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याच्या गांधीजींच्या पद्धतीच्या, शाळेत देवी प्रसाद यांनी अनेक वर्षे कला शिकवली. ते शांतिनिकेतनात शिकलेले चित्रकार आणि कुंभारही होते. खेड्यातल्या मुलांना कला शिकवण्याचा इतका मोठा प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झालेला आहे, म्हणून त्यांचे लेखन मिळाल्यास जरूर वाचावे.

धागाकर्तीचा प्रतिसाद (तीन आठवड्यांनंतर)

सर आणि ताई, दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे ‘टँकर आला तेव्हा’ हा विषय घेतला. प्रश्न विचारण्यातच पंचवीस मिनिटे गेली, कारण प्रत्येकाला काहीतरी सांगायचे होते, म्हणून चित्र दुसऱ्या दिवशी काढले. एकाही कागदावर डोंगर आला नाही. तिसरीतल्या एका मुलीने टँकर लहान आणि नळी मात्र कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काढली. मी विचारल्यावर ती म्हणाली की तिच्या घरापर्यंत नळी पोचत नाही. पूर्वी मी हे प्रमाण चुकले म्हणून सांगितले असते.

तो मुलगा पहिल्या दिवशी बैल घेऊन आलाच नाही. दुसऱ्या तासाला आणला, टेबलावर ठेवला आणि बराच वेळ नुसता पाहत राहिला. त्याने वशिंडाची रेघ तीनदा खोडली, पण मला काढायला सांगितले नाही. पाय अजून रांगेतच आहेत, डोळा मात्र त्याने आपणहून एकच काढला. त्याच्या नोंदीत मी असे लिहिले आहे: ‘मातीचा बैल समोर ठेवून त्याची कडा निरीक्षणाने काढतो, वशिंडाचा आकार समाधान होईपर्यंत पुन्हा काढून पाहिला.’ हे वाक्य तयार यादीत नाही, तपासणीच्या वेळी विचारले तर मी त्याचे चित्र दाखवीन. नोंद या पद्धतीने लिहिणे योग्य आहे का, हे सरांनी कृपया सांगावे.

आता मुलांनी मातीकाम करायचे ठरवले आहे. आमची काळी माती वाळताना फार भेगाळते. तिच्यात कापूस पिंजून मिसळला तर भेगा कमी पडतात असे गावातल्या एका मूर्तिकारांनी सांगितले. घमेलेभर मातीला कापूस साधारण किती घ्यावा आणि तो माती भिजवताना घालावा की मळताना, हे कोणाला अनुभवाने माहीत असल्यास लिहावे.