क्रोसाँमध्ये चॉकलेट चिप कुकीचं पीठ भरून घरी भाजायचंय, सल्ला हवा

रविवारची_भूक
नमस्कार मंडळी. पुढच्या शनिवारी भाचीचा वाढदिवस आहे आणि बाईसाहेबांना केक नकोय, 'क्रूकी' हवाय. क्रोसाँच्या, म्हणजे त्या पदरापदराच्या फ्रेंच पावाच्या, पोटात कुकीचं कच्चं पीठ, डोक्यावरही तेच, आणि परत ओव्हनमध्ये. मी पुण्यात असते, घरी मध्यम आकाराचा ओटीजी आहे. नानखटाई आणि साधा केक हातखंडा, पण यीस्टच्या वाटेला फारशी गेलेले नाही. क्रोसाँ घरी करू की विकत आणू? पीठ आधी भरायचं की भाजल्यावर? सासूबाईंना अंडं चालत नाही, तेव्हा कुकीचं पीठ तरी बिनअंड्याचं हवं. ब्राउन शुगर घरात नाही आणि एका पदार्थासाठी किलोभर आणायची इच्छा नाही. आठ नग पुरेत.

शेगडीवाली
विकत आणा. पुढचं वाचायचीही गरज नाही. :) फक्त घेताना विचारा, बऱ्याच बेकऱ्या क्रोसाँवर तकाकीसाठी अंडं फिरवतात.

सीनकाठचा
मीही विकतच्याच बाजूचा, आणि तो आळशीपणा मुळीच नाही. मूळ पदार्थ तसाच आहे. पॅरिसच्या नवव्या विभागातल्या लुव्हार या बेकरीने २०२२ मध्ये तो काढला. तयार क्रोसाँ आडवा कापतात, आत कुकीचं पीठ भरतात, वर थोडं थापतात आणि पुन्हा भाजतात. टिकटॉकवर गाजला आणि मग इथे पॅरिसमध्ये गल्लोगल्ली दिसू लागला. शिळ्या क्रोसाँत बदामाचं क्रीम भरून परत भाजायची इथे जुनीच पद्धत आहे, तिचाच हा धाकटा भाऊ. त्यामुळे आदल्या दिवशीचेच क्रोसाँ आणा. ताजा क्रोसाँ कापताना चेपतो, आणि दुसऱ्या भाजणीत शिळ्याचा कुरकुरीतपणा परत येतो.

लोणकढी_थाप
सीनकाठच्यांशी सहमत. आता तुमचा दुसरा प्रश्न, कारण लोक तिथेच फसतात. कच्च्या क्रोसाँत हे पीठ गुंडाळून भाजलं तर बाहेरचे पदर करपायला येतात आणि मधला भाग गिचका राहतो. चॉकलेटची कांडी घालून करतात ते जमतं, कारण कांडी नुसती वितळायची असते. इथे आत मैदा आहे, तो शिजायला हवा. म्हणून आधी भाजा, मग भरा.

आठ क्रोसाँसाठी माझं प्रमाण: १०० ग्रॅम बिनमिठाचं बटर, ९० ग्रॅम ब्राउन शुगर, ४० ग्रॅम पिठीसाखर, १५० ग्रॅम मैदा, पाव चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, २ मोठे चमचे दूध, व्हॅनिला, आणि १२० ग्रॅम डार्क चॉकलेट सुरीने ओबडधोबड चिरून. बटर बोट रुतेल इतपत मऊ हवं. वितळलेलं घेतलंत तर पीठ ओघळून ट्रेवर पसरेल. बटर आणि साखर हलकं होईपर्यंत फेटा, दूध घाला, मग मैदा. मैदा पडल्यावर फेटणं बंद, उलथन्याने नुसतं एकत्र करा. शेवटी चॉकलेट. अर्धा तास फ्रीजमध्ये.

ब्राउन शुगरला पर्याय काकवी. १०० ग्रॅम साखरेला एक मोठा चमचा काकवी चोळून घ्या, ओलसर वाळूसारखी झाली की काम झालं. कोल्हापूरकडची दाट काकवी मिळाली तर उत्तम. पातळ असेल तर दूध एक चमचा कमी करा.

क्रोसाँ कापताना मागची कड जोडलेलीच ठेवा, पुस्तकासारखा उघडला पाहिजे. आत साधारण ४५ ग्रॅम पीठ चपटं करून ठेवा. गोळा तसाच ठेवलात तर मध्ये कच्चा राहतो. वर २० ग्रॅम थापा. ओटीजी १६० अंशांवर चांगला तापवून, मधल्या जाळीवर १२ ते १५ मिनिटं. वरची सळई जवळ असते, तेव्हा आठव्या मिनिटाला डोकावा आणि टोकं काळपट व्हायला लागली तर वर फॉइल अलगद टाका.

नाशिकची_थंडी
सगळे विकतच्या मागे लागलेत, म्हणून दुसरी बाजू. घरचा क्रोसाँ जमतो, पण डिसेंबर-जानेवारीत. खेळ सगळा बटरचा: लाटताना पीठ आणि बटर दोन्ही सारखेच कडक हवेत. बटर जास्त कडक असेल तर आत तुकडे पडतात, मऊ पडलं तर पिठात जिरतं आणि पदरांऐवजी पाव होतो. तीनपदरी घडी तीनदा घातली की बटरचे २७ थर होतात, आणि दर घडीनंतर पीठ अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये. शेवटचं फुगवणं २५ अंशांच्या आसपास. ओव्हनमध्ये गरम पाण्याचं भांडं ठेवून फुगवायची सवय असेल तर इथे नको, बटर गळून ट्रेमध्ये येईल. घरचं लोणीही नको, त्यात पाणी जास्त असतं. कुकीच्या पिठात मात्र ते खुशाल वापरा, दूध वगळून.

शेगडीवाली
म्हणजे पुण्यात, वाढदिवसाच्या आठवड्यात, यीस्टची सवय नसताना… ताई, विकत आणा. :D

खारीप्रेमी
जरा अवांतर: क्रोसाँऐवजी खारी वापरली तर? पदर तर तिलाही असतात.

नाशिकची_थंडी
पदर आहेत, पण खारीत यीस्ट नसतं. ती आतून कोरडी ठणठणीत असते, पीठ धरून ठेवायला पोटात जागाच नाही. चुरा होईल. चहातच बरी.

रविवारची_भूक
सगळ्यांचे मनापासून आभार! विकतचेच आणते, बिनअंड्याचे आहेत का ते विचारून. काकवी घरात आहेच, प्रश्न मिटला. अजून दोन शंका. पीठ शुक्रवारी रात्री करून ठेवलं तर चालेल? आणि भाची हे पीठ कच्चंच चाटून खाते. अंडं नाही तर हरकत नाही ना?

लोणकढी_थाप
पीठ जरूर आधी करा, रात्रभर मुरलं की चव वाढते. पण सकाळी दगड झालेलं असेल, म्हणून ठेवतानाच ४५ आणि २० ग्रॅमच्या चपट्या टिकल्या करून बटर पेपरवर मांडून ठेवा. भरायच्या आधी दहा मिनिटं बाहेर.

चाटायला मात्र देऊ नका. अंडं नसलं तरी कच्च्या मैद्यातही जंतू असू शकतात, मैदा काही भाजलेला नसतो. मधला भाग मऊ असावा, ओलाकच्चा नको. एक नग उघडून बघा: पीठ चकचकीत दिसत असेल तर अजून दोन-तीन मिनिटं द्या. लगेच वाढूही नका, आतलं चॉकलेट तोंड पोळवतं. पंधरा मिनिटांत पीठ आत बसतं.

घरकोंबडा
ओटीजी नसलेल्यांनी काय करावं? एअर फ्रायर चालेल का?

शेगडीवाली
चालतो. १५० अंश, ७-८ मिनिटं, एका वेळी दोनच. पंख्याच्या वाऱ्याने वरचं पीठ लवकर लाल होतं, म्हणून वर कमी थापा आणि आत थोडं जास्त. चॉकलेटचा एखादा तुकडा वर हवाच असेल तर बाहेर काढल्यावर खोचा.