बीटवर पान गुंडाळणारी अळी, धुऱ्यावरची चवळाई उपटू का राहू देऊ?

धुऱ्यावरचा
रामराम मंडळी. वावर वर्धेकडं, सगळी पऱ्हाटी अन् तूर, विहिरीजवळ ५-६ गुंठे बीट आहे अन् दोन वाफे पालक. बीटाले चार-पाच पानं आली तशी अळी लागली. हिरवी, काचेसारखी, आतलं खाल्लेलं दिसते, पाठीवर दोन पांढऱ्या रेघा, पान मधात मोडून जाळ्यानं शिवून घेते अन् आत बसून खरवडते, वरचा पापुद्रा तेवढा राहते. तीच अळी धुऱ्यावरच्या चवळाईवर अन् घेटुळीवर पोळ्यापासूनच दिसून रायली होती, मीच लक्ष नाही दिलं. आई म्हणते सगळी चवळाई उपटून फेक, दुकानात दोन औषधं मिसळून मारायले सांगितलं, पण बीटाचा पाला आमच्या घरी भाजीत जाते, लहान पोट्टे आहेत, मन होत नाही.
आता खरा प्रश्न. काल बसून गुंडाळलेली पानं उघडून पाह्यली. चवळाईची २० उघडली तर ७ मध्ये अळीच्या बाजूले तांदळाच्या कणीएवढं पांढरं कापसासारखं काहीतरी, बीटाच्या २० मध्ये फक्त २. हे अळीचे अंडे होय का? अन् चवळाईवरच जास्त काहून?

भाजीवाली_ताई
भाऊ ते चिरडू नका!! अंडी नाहीत ती, अळीचा जीव घेणाऱ्या बारीक गांधीलमाशीचे कोष आहेत. मी पण दोन वर्षं अंडी समजून बोटानं चिरडत होते, अजूनही वाईट वाटतं. असं करा, कोषासकट पान काचेच्या बरणीत टाका, तोंडाला मलमलचं फडकं बांधा, सावलीत ठेवा, आठवड्याच्या आत काळ्या पंखवाल्या मुंगीसारख्या माश्या निघतील. माणसाला चावत नाहीत.

कीडबघ्या
ताई बरोबर. दादा, तुमची अळी वर्णनावरून स्पोलाडिया रिकर्व्हॅलिस वाटते, पतंग तपकिरी अन् पंखांवर पांढरे पट्टे असतात, संध्याकाळी पिकात चाललं की भुर्रकन उडतात. बीट, पालक, माठ (तुमची चवळाई त्यातलीच), चाकवत हे सगळे एकाच कुळातले अन् घेटुळी लांबच्या नात्यातली, म्हणून अळीला हे सगळं एकच ताट. माशी बहुतेक अपँटेलिस गटातली. केनियात नैरोबीच्या इसीप या किडींवर संशोधन करणाऱ्या संस्थेत माठावरच्या याच अळीवर अपँटेलिस हेमारा नावाच्या माशीचं काम झालंय. ती अळी एकदम लहान असताना, पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतच तिच्यात एक अंडं घालते, अळी खात राहते, वाढते, अन् आतून माशीचं पिल्लू तिला पोखरत असतं.
आता चवळाईवर जास्त का, तर झाडाचा फरक पडतोच. मानवलेल्या झाडावर अळी झपाट्यानं वाढते, म्हणजे माशीला अंडं घालायला दिवस कमी मिळतात. न मानवणाऱ्या झाडावर अळी रेंगाळते, माशीला वेळ मिळतो, पण उपाशी अळीतून निघालेली माशी पण बारकी निघू शकते अन् बारकी माशी सहसा अंडी कमी घालते. दोन्हीकडून ओढाताण आहे. दुसरं म्हणजे वास. अळीनं कुरतडलं की झाड हवेत वेगळा वास सोडतं अन् माशी त्या वासावर येते. बीट आर्मीवर्म म्हणजे स्पोडोप्टेरा एक्झिग्वा ही दुसरी एक अळी, तिच्या लाळेतलं व्हॉलिसिटिन हे द्रव्य १९९७ मध्ये अमेरिकेत वेगळं काढलं, ते मक्याच्या रोपाच्या जखमेला लावलं की रोप तो वास सोडतं. झाड बदललं की वास बदलतो.
पण तुमच्या मोजणीत एक गोष्ट धरा. चवळाईवर अळी आधीपासून आहे, तिथं माश्यांची एक पिढी होऊन गेली असेल. बीटावरची अळी नवीन आहे, आत अंडं असलं तरी कोष अजून दिसायचा बाकी आहे. ८ दिवसांनी परत मोजा, मगच बीटाला नावं ठेवा.

हरभरा_पट्टा
झाडाचा फरक म्हणता तर आमच्या हरभऱ्याचं बघा. सकाळी हरभऱ्यावरून फडकं फिरवून बाया आंब धरतात ना, त्या आंबेत मॅलिक अन् ऑक्झॅलिक आम्ल असते, त्याच्यातच ट्रायकोग्रामा, म्हणजे किडीच्या अंड्यात अंडं घालणारी बारीक माशी, अडकून मरते, म्हणून हरभऱ्यात तिचे ट्रायकोकार्ड लावून आमचे पैसे पाण्यात गेले. पण त्याच हरभऱ्यावर लहान घाटेअळीले कॅम्पोलेटिस माशी मस्त धरते, अन् तुरीवर तीच माशी फार कमी दिसते. अळी तीच, झाड बदललं की हिशोब बदलला. कोणी ‘मित्रकिडा सोडा’ म्हटलं की मी पहिले विचारतो, कोणत्या पिकात?

धुऱ्यावरचा
बरणीतून आज ४ माश्या निघाल्या, ताई! पोट्टे सकाळपासून बरणीपासून हलून नाही रायले. आई पण चष्मा लावून पाहून गेली, काही बोलली नाही पण विळा ठेवून देल्ला. मग आता चवळाई तशीच ठेवू का?

भाजीवाली_ताई
सगळी नका ठेवू अन् एकदम सगळी काढू पण नका. बीट उभं असताना धुरा साफ केला की चवळाईवरच्या उपाशी अळ्या चालत बीटात शिरतात, आमच्याकडं एका रात्रीत पालकाची चाळण झाली होती. बीटाच्या अंगाची दोन हात पट्टी थोडी थोडी काढा, गुंडाळलेली पानं आधी तोडा, कोषवाली बरणीत, नुसत्या अळीची साबणाच्या पाण्यात. बीटावरची पण रोज सकाळी हातानंच वेचा, ५ गुंठ्याला अर्धा तास. पुढच्या वर्षी पेरणीच्या आधीच, चवळाई फुलावर यायच्या आत निंदण करा. अन् सांबार (कोथिंबीर), बडीशेप थोडी फुलू द्या, माशीला खायला फुलातला रस लागतो.

कीडबघ्या
वेचून भागलं नाही तर अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवून, गाळून १० लिटर पाण्यात, तोच ५ टक्के अर्क, संध्याकाळी मारा, अळी बारीक असतानाच. बॅसिलस जिवाणूवालं जैविक औषधही चालतं, माशीला त्यानं होत नाही, पण ज्या अळीत माशीचं पिल्लू आहे ती अळी मेली की पिल्लूही जातं, म्हणून कोष वाढताना दिसले तर हात आवरा. दुकानातलं मिश्रण तर नकोच, आधी माशी मरेल.

धुऱ्यावरचा
ठरलं. विहिरीकडची पट्टी उद्यापासून काढतो, नाल्याकडची राहू देतो. पुढच्या रविवारी परत २०-२० पानं उघडून इथंच आकडा टाकतो.