छडीला नियम होता की

'छडी ही मास्तरांची मनमानी, कायद्याने तिला कधीच परवानगी नव्हती' हे शाळेतल्या माराबद्दलच्या चर्चेत कुणीतरी मांडलेलं म्हणणं निदान दिल्लीपुरतं तरी खरं नाही. दिल्लीच्या १९७३च्या शाळा नियमावलीतल्या ३७व्या नियमात छडीची रीतसर तरतूद होती. मारायचा अधिकार मुख्याध्यापकांना, जागा तळहात आणि फटके जास्तीत जास्त दहा! (हा दहाचा आकडा कुणी आणि कशावरून काढला असेल, देव जाणे.) पालकांच्या एका संघटनेच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०००मध्ये ही तरतूद रद्द केली. म्हणजे राजधानीतली सरकारमान्य छडी जाऊन फार काळ लोटलेला नाही.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने सगळं मिटलं, हेही पूर्ण पटत नाही. कलम १७ने शाळेत मारायला आणि मानसिक छळ करायला बंदी घातली, पण शिक्षा काय, तर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई. शिवाय २०१२च्या दुरुस्तीने मदरसे आणि वेदपाठशाळा त्या कायद्याबाहेर ठेवल्या. आणि घर? बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकांनी सद्‌भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देणारं भारतीय दंड संहितेचं कलम ८९ आता भारतीय न्याय संहितेत कलम २७ म्हणून आलं आहे. आकडा बदलला, आशय जवळपास तोच. घरातल्या फटक्यांचा बचाव करताना याच कलमाकडे बोट दाखवलं जातं, त्यावर मात्र या चर्चेत अजून कुणी बोललेलं दिसत नाही.